उत्प्रेरकाची नाडी ओळखणारा अभियंता

एप्रिल १९१७. उत्तर फ्रान्समधील ज्युव्हँकूरच्या परिसरात फ्रेंच सैन्याचे रणगाडे प्रथमच लढाईत उतरले आणि पहिल्याच दिवशी त्यांची दैना उडाली. काही जर्मन तोफांच्या माऱ्याने पेटले, काही चिखलात रुतले, तर काही नुसतेच बंद पडून उभे राहिले. अशा बंद पडलेल्या रणगाड्यांची दुरुस्ती, तीही तोफगोळ्यांच्या वर्षावात, एका तरुण लेफ्टनंटने अंगावर घेतली. तो पंचविशीच्या उंबरठ्यावर होता आणि हातात यंत्र अभियांत्रिकीची पदवी होती. या लढाईत तो गंभीर जखमी झाला. पुढे त्याला ‘क्र्वा द गेर’ हे शौर्यपदक मिळाले आणि ‘लेजियाँ द’ऑनर’चे सदस्यत्वही लाभले. त्याचे नाव युजीन हुड्री.

फ्रेंच उच्चारात या नावातील ‘ह’ गळून पडतो, पण अमेरिकेने तो उच्चारला आणि जगाने तोच स्वीकारला. आज मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक पेट्रोल मोटारीच्या पोटाखाली या माणसाच्या विचाराचा एक तुकडा बसवलेला असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या नावाने तो ओळखला जातो. इंजिनातून निघालेला विषारी वायू सायलेन्सरकडे जाण्यापूर्वी या डब्यातून जातो आणि बराचसा निर्धोक होऊन बाहेर पडतो. मोटारीची मालकी असणाऱ्यांना या डब्याची आठवण होते ती डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागल्यावर आणि मेकॅनिकने खर्चाचा आकडा सांगितल्यावर.

हुड्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी पॅरिसजवळील दोमाँ येथे झाला. वडिलांचा पोलादाचा भरभराटीचा कारखाना होता. पॅरिसच्या ‘एकोल दे आर्ज ए मेतिये’ या नामांकित संस्थेतून १९११ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि सरकारी सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. राष्ट्रीय विजेतेपद पटकावणाऱ्या फुटबॉल संघाचे ते कर्णधारही होते. पुढचा मार्ग आखलेलाच होता. वडिलांच्या कारखान्यात बसायचे आणि तो वाढवायचा. महायुद्ध आले नसते तर कदाचित तसेच घडलेही असते.

युद्धावरून परतलेल्या हुड्रींना मोटारींच्या शर्यतींचे वेड लागले. त्यांनी अमेरिकेला जाऊन फोर्डचा कारखाना पाहिला, इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यत पाहिली. इंजिनांत सुधारणा वेगाने होत आहेत, पण त्यांत जाळायचे पेट्रोल मात्र मागासलेले आहे, हे त्यांच्या लक्षात आले. इंजिनातला दाब वाढवावा तर हलके पेट्रोल वेळेआधीच भडकते आणि इंजिन खडखडू लागते. आपल्याकडील मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. हे टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे त्याचा ऑक्टेन आकडा.

त्या काळी फ्रान्सला आणखी एक चिंता होती. देशात खनिज तेल जवळजवळ नव्हते. लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा मात्र मुबलक होता. नीस येथील प्रुदोम नावाच्या रसायनतज्ज्ञाने लिग्नाइटपासून पेट्रोल बनवण्याची युक्ती शोधल्याचे १९२२ मध्ये हुड्रींच्या कानी आले. ते त्यामागे लागले. त्याच वर्षी त्यांचा विवाहही झाला. वास्तविक त्यांचे शिक्षण रसायनशास्त्रातले नव्हते. परंतु त्यांनी सहकारी जमवले, प्रयोगशाळा थाटली आणि घरची संपत्ती त्यात ओतली. लिग्नाइटवर चालणारा कारखाना १९२९ मध्ये उभाही राहिला. दिवसाला ६० टन कोळसा पचवणारा हा कारखाना चालला. पण त्याचे पेट्रोल परवडणारे नव्हते. सरकारने हात आखडता घेतला आणि सात वर्षांची मेहनत बुडाली.

पूर्ण बुडाली असे मात्र म्हणता येणार नाही. या सात वर्षांत हुड्री एका वेगळ्याच शास्त्रात तरबेज झाले होते आणि ते शास्त्र म्हणजे उत्प्रेरकांचे. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा, पण स्वतः त्यात खर्ची न पडणारा पदार्थ. निदान पुस्तकात तरी असेच लिहिलेले असते. प्रत्यक्ष कारखान्यात उत्प्रेरक मरतो. त्यावर पुटे चढतात, त्याची छिद्रे बुजतात, एखादा उपरा पदार्थ त्याच्या पृष्ठभागावर ठाण मांडतो आणि क्रिया थंडावते. हुड्रींनी शेकडो पदार्थ तपासले आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला : हा का मेला? त्यांच्या पुढील सर्व यशाचे आणि एका मोठ्या अपयशाचे मूळ याच प्रश्नात आहे.

उत्तर त्यांना १९२७ च्या सुमारास गवसले. सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांचा समावेश असलेली एक प्रकारची माती जड तेलाच्या मोठ्या रेणूंचे तुकडे पाडून उत्तम प्रतीचे पेट्रोल देत होती. अडचण इतकीच, की थोड्याच वेळात तिच्यावर कोळशाचे, म्हणजे कोकचे, काळे पुट चढे आणि ती निकामी होई. इतर संशोधक अशा उत्प्रेरकावर काट मारून मोकळे झाले होते. हुड्रींनी ते पुट हवेने जाळून टाकले. माती पुन्हा पहिल्यासारखी काम करू लागली. हे पेट्रोल कसे आहे हे पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या बुगाटी मोटारीत घातले आणि चढणीच्या रस्त्यावर गाडी पळवून पाहिली. प्रयोगशाळेतील आकड्यांपेक्षा त्यांचा विश्वास इंजिनावर अधिक होता.

फ्रान्समध्ये कोणी पाठीशी उभे राहीना. १९३० मध्ये अमेरिकेतील व्हॅक्यूम ऑइल कंपनीचे बोलावणे आले आणि हुड्री अमेरिकेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी ही कंपनी दुसऱ्या एका तेल कंपनीत विलीन होऊन ‘सोकोनी-व्हॅक्यूम’ झाली. जागतिक मंदीत पैसा आटला, तेव्हा १९३३ मध्ये सन ऑइल ही पेन्सिल्व्हेनियातील कंपनी भागीदार म्हणून आली.

सन ऑइलच्या या उत्साहामागचे कारण पुढच्या कथेसाठी महत्त्वाचे आहे. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा वाढवण्याचा एक स्वस्त उपाय तोवर बाजारात आला होता. टेट्राएथिल लेड नावाचे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये चिमूटभर मिसळले की इंजिनाची खडखड थांबत असे. १९२१ मध्ये सापडलेल्या या उपायावर बहुतेक कंपन्या खूश होत्या. सन ऑइलला मात्र शिशाच्या वाटेला जायचे नव्हते. शिशाविना उंची पेट्रोल देणारी पद्धत तिला हवी होती आणि ती हुड्रींपाशी होती.

१९३७ मध्ये मार्कस हुक येथील सन ऑइलच्या कारखान्यात दिवसाला १२ हजार पिंपे तेल हाताळणारे हुड्री संयंत्र सुरू झाले. केवळ उष्णतेने तेल फोडण्याच्या जुन्या पद्धतीत सुमारे २५ टक्के पेट्रोल मिळे. येथे ते जवळपास ५० टक्के मिळू लागले आणि तेही वरच्या प्रतीचे. एका भांड्यात तेल फुटत असे, त्याच वेळी दुसऱ्यात चढलेला कोक जाळला जाई आणि काही मिनिटांनी झडपा फिरून भांड्यांची कामे बदलत. कोक जळताना निर्माण होणारी उष्णता वितळलेल्या क्षारांमार्फत परत वापरात येई, तर तप्त वायूंवर स्विस बनावटीचे गॅस टर्बाइन फिरे. गॅस टर्बाइनचा उद्योगात नियमित वापर होण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत याची गणना होते. ज्या काजळीने उत्प्रेरक मरत होता, तिलाच हुड्रींनी कारखान्याचे सरपण केले.

या पद्धतीचा परवाना महाग होता. त्यामुळे प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन वेगळी वाट शोधली. बारीक पुडीच्या रूपातील उत्प्रेरक द्रवासारखा वाहता ठेवायचा आणि तो सतत फिरवत जाळून स्वच्छ करायचा, ही ती वाट होय. तिचे पहिले संयंत्र १९४२ मध्ये लुईझियानातील बॅटन रूज येथे सुरू झाले आणि कालांतराने तिने हुड्रींच्या मूळ संयंत्राला मागे टाकले. मात्र त्याआधी महायुद्ध पेटले होते. १०० ऑक्टेनचे विमान-इंधन ही मित्रराष्ट्रांची तातडीची गरज होती आणि युद्धाच्या प्रारंभीच्या काळात त्यासाठी लागणारे उत्प्रेरकी पेट्रोल मुख्यतः हुड्रींच्या संयंत्रांतूनच आले. विमानांना हवा असलेला आकडा गाठण्यासाठी त्यातही शिसे मिसळावे लागत होते, हीही नोंद येथे करावयास हवी. कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाइन तयार करण्याची पद्धतही हुड्रींनी याच सुमारास दिली.

मायदेशात काय चालले होते? १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि मार्शल पेताँ यांचे व्हिशी सरकार सत्तेवर आले. अमेरिकेतील अनेक फ्रेंच नागरिक गप्प राहिले. हुड्री गप्प बसले नाहीत. जनरल द गॉल यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या ‘फ्रान्स फॉरेव्हर’ या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. व्हिशी सरकारने १९४१ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. ज्या देशासाठी गोळ्या झेलल्या, त्या देशाच्या सरकारी दप्तरात ते आता परके होते. जानेवारी १९४२ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

युद्ध संपले तेव्हा हुड्री पन्नाशी ओलांडून गेले होते. मानसन्मान लाभले होते, पैसाही होता. विश्रांती घेतली असती तरी नवल वाटले नसते. पण लॉस एंजेलिसवर दाटणाऱ्या तपकिरी धुरक्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या. मोटारींतून निघणारे न जळालेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडून हे धुरके तयार होते, असे हागेन-स्मित या डच वंशाच्या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या वर्षांत दाखवून दिले. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या वाढत्या प्रमाणाचा आणि मोटारींच्या धुराचा संबंध असावा, अशी शंकाही हुड्रींना भेडसावत होती. जगाला अधिक पेट्रोल मिळवून देण्यात ज्याचा सर्वांत मोठा वाटा, तोच माणूस आता त्या पेट्रोलच्या धुरामागे लागला. अपराधी भावनेतून त्यांनी हे केले असे म्हणण्यास आधार नाही. बिघाड दिसला की हात घालायचा, हा ज्युव्हँकूरपासूनचा त्यांचा स्वभावच होता.

त्यांनी ‘ऑक्सी-कॅटॅलिस्ट’ ही कंपनी स्थापन केली. कल्पना जुन्याच कामाचा पुढचा टप्पा होती. कोकचे पुट उत्प्रेरकावर जाळता येते, तर धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले पेट्रोल उत्प्रेरकाच्या साह्याने का जाळू नये? चिनी मातीच्या दांड्यांवर अ‍ॅल्युमिना व प्लॅटिनमचा पातळ थर देऊन त्यांनी अशी रचना तयार केली. ज्वाळेविना, तुलनेने कमी तापमानाला, विषारी वायूचे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेत रूपांतर होऊ लागले. तिचे पेटंट त्यांना १९५६ मध्ये मिळाले. बंदिस्त गोदामांत फिरणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्यांवर ही साधने बसली आणि चालली.

रस्त्यावरील मोटारींवर मात्र ती टिकेनात. कारण शोधायला हुड्रींना फार वेळ लागला नसावा; मेलेला उत्प्रेरक ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. पेट्रोलमधील शिसे धुराबरोबर येत होते आणि प्लॅटिनमच्या थरावर बसत होते. कोकचे पुट जाळता येत होते. शिसे जळून जाणारे नव्हते. ज्या शिशाला पर्याय म्हणून त्यांचे पेट्रोल पूर्वी स्वीकारले गेले, त्याच शिशाने त्यांच्या अखेरच्या शोधाची वाट अडवली. निदान अचूक होते, उपचारही ठाऊक होता, पण तो प्रयोगशाळेच्या हातात नव्हता. सगळ्या देशाचे पेट्रोल बदलावे लागणार होते आणि तेल व मोटार उद्योगाची तशी तयारी नव्हती. १८ जुलै १९६२ रोजी पेन्सिल्व्हेनियातील अपर डार्बी येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी हुड्रींचे निधन झाले. त्यांच्या नावावर शंभराच्या आसपास पेटंट होती. पण कन्व्हर्टर बसवलेली मोटार सर्रास रस्त्यावर आलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ती आली १९७५ मध्ये. अमेरिकेने १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कडक कायदा केला, शिसेविरहित पेट्रोल पंपांवर आणले आणि १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक नव्या मोटारींना कन्व्हर्टर लागला. दांड्यांची जागा मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या सिरॅमिक ठोकळ्याने घेतली. पाठोपाठ तिन्ही प्रदूषके एकदम हाताळणारा ‘थ्री-वे’ कन्व्हर्टर आला. त्याला हवा व पेट्रोल यांचे प्रमाण अगदी काटेकोर लागते : एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा. हे प्रमाण इंजिनाला क्षणोक्षणी सांगण्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवावा लागला. १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारींत बॉश कंपनीचा असा सेन्सर प्रथम आला. त्यातील झिर्कोनिया हा पदार्थ तापल्यावर ऑक्सिजनचे आयन वाहून नेतो. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच पदार्थाचा दिवा बनवला होता आणि सेन्सरमधील व्होल्टेजचे गणितही त्यांच्याच समीकरणाने सुटते.

हुड्रींचा ‘हा का मेला?’ हा प्रश्न आज मोटारीतील संगणक रोज विचारतो. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर असतात. नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरमध्ये पुढचा सेन्सर, इंजिन गरम झाल्यावर, सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होत राहिला पाहिजे. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ठेवत असल्याने मागच्या सेन्सरचा आकडा मात्र बऱ्यापैकी स्थिर, ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला तर कन्व्हर्टरची साठवणशक्ती संपत आली, असे संगणक समजतो. मग पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनरवर ‘पी०४२०’ हा कोड उमटतो.

येथेच अनेक गाडीमालक फसतात. हा कोड आला की कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या जुन्या गाडीचा दिवा लागला, तेव्हा पहिल्या गॅरेजमध्ये हेच ऐकायला मिळाले आणि सांगितलेली रक्कम ऐकून गाडीच विकण्याचा विचार मनात आला. दुसऱ्या गॅरेजमधील वयस्कर मेस्त्रींनी स्कॅनर बाजूला ठेवला, थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या जोडांजवळ हात फिरवला आणि मागच्या सेन्सरच्या थोडे आधी असलेल्या जोडातून फसफस येत असल्याचे दाखवले. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि मागचा सेन्सर चुकीचा निरोप धाडत होता. गॅस्केट बदलले, कोड पुसला, तो पुन्हा आला नाही.

कन्व्हर्टर खरोखर गेला असेल तरी तो कशाने गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. प्लग किंवा कॉइल खराब होऊन गाडी मिसिंग मारत असेल, तर न जळालेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. आतले पोळे तापून वितळते. इंजिन ऑइल पीत असेल, तर त्यातील फॉस्फरस उत्प्रेरकावर थर धरतो. पोळे तुटून वा वितळून वाट बुजली की गाडीचा पिकअप जातो, वेग वाढवायला गेले की इंजिन गुदमरते. अशा वेळी धुराच्या नळीतला मागचा दाब मोजला की खरे काय ते कळते. सेन्सरच्या बाबतीतही तसेच. मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे तो सांगत असेल, तर बहुधा तो खरेच बोलत असतो. कुठे हवा खेचली जाते आहे का, इंधनाचा दाब पुरेसा आहे का, हे आधी पाहावे. वाचनच सुस्तावले असेल, किंवा आतल्या हीटरचे सर्किट तुटले असेल, तर मात्र सेन्सर बदलावा.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा हुड्रींना जाऊन जवळपास ३३ वर्षे झाली होती. त्या काळात शहराबाहेर गेलेल्या मोटारीत चुकून शिशाचे पेट्रोल भरले गेले, तर १९५० च्या दशकातील अमेरिकेतल्या कहाणीचीच पुनरावृत्ती होई. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जगातील मोटारींसाठीचे शिशाचे पेट्रोल पूर्ण संपायला २०२१ उजाडले. अखेरचा देश अल्जीरिया होता.

हुड्रींच्या पहिल्या भागीदार कंपनीचा धागा मुंबईपर्यंतही पोचतो. सोकोनी-व्हॅक्यूम आणि स्टँडर्ड ऑइल (न्यू जर्सी) यांच्या संयुक्त ‘स्टॅनव्हॅक’ने १९५४ मध्ये ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला. आज तो हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आहे आणि जड तेल उत्प्रेरकावर फोडून, कोक जाळून, पुन्हा तोच उत्प्रेरक वापरण्याचे काम तेथे चालते. मार्कस हुकच्या मूळ जागेला अमेरिकन केमिकल सोसायटीने १९९६ मध्ये ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. तेथील तेलशुद्धीकरण मात्र २०११ च्या अखेरीस बंद झाले.